निसर्गाची नक्षी आणि विज्ञानाची वाट

(गोव्यातील एका ग्रामीण माध्यमिक विद्यालयात विज्ञान दिनाच्या निमित्ताने शिक्षक, पालक, ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



२८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला प्रसिद्ध शोध जगापुढे मांडला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ सालापासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. या शोधाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. १९२१ साली बोटीने युरोपचा प्रवास करताना रामन यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला आणि हा रंग नेमका कशामुळे, असे स्वतःला विचारले. आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा दिसतो, हे त्या काळचे मान्य उत्तर होते. रामन यांनी ते तसेच स्वीकारले नाही. जवळच्या साध्या उपकरणांनी ते तपासून पाहिले. समुद्र आपल्याही दाराशी आहे. प्रश्न विचारण्याची मुभा आपल्या मुलांना आहे किंवा नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, मराठी साहित्याचा विद्यार्थी. शास्त्रज्ञांच्या अधिकाराने मी येथे उभा नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक गोष्ट वारंवार कानी पडते. पालक म्हणतात, "आमच्या मुलाला विज्ञान झेपत नाही." मुले म्हणतात, "प्रयोगशाळा शहरातल्या शाळांत, आमच्याकडे काय आहे?" हे ऐकून मनाला खंत वाटते. ज्या मुलाने माडाला झावळी कशी फुटते ते पाहिले आहे, मधाचे पोळे पाहिले आहे, खाडीचे पाणी चढताना व उतरताना रोज पाहिले आहे, त्याच्याकडे काही नाही असे कसे म्हणावे? निसर्गाने आपल्याभोवती जी नक्षी मांडून ठेवली आहे, तिच्यातूनच विज्ञानाची वाट जाते, हे चार-पाच उदाहरणांनी आपणांसमोर मांडावे, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रारंभ आपल्या अंगणापासून करू. येथे जमलेल्या माताभगिनींना ठिपक्यांची रांगोळी ठाऊक आहे. ठिपके दोन रीतींनी मांडतात. एका रीतीत ठिपक्याखाली ठिपका येतो आणि चौकटी तयार होतात. दुसऱ्या रीतीत वरच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा ठिपका पडतो. ही दुसरी मांडणी नीट पाहिली, तर आतल्या प्रत्येक ठिपक्याभोवती बरोबर सहा ठिपके असतात. हवे तर रुपयाची सात नाणी घ्या. एक मध्ये ठेवा आणि बाकीची त्याला चिकटवून भोवती मांडा. सहा नाणी नेमकी बसतात. सातव्याला जागा उरत नाही आणि पाचांत फट राहते.

मधमाशीच्या पोळ्यात हाच सहाचा आकडा आढळतो. आता विद्यार्थ्यांनी विचार करावा की, षटकोनच का? सर्व बाजू व सर्व कोन सारखे असलेल्या आकृत्यांपैकी फट न ठेवता जमीन व्यापणाऱ्या आकृत्या तीनच आहेत : समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. पंचकोनांनी फरशी बसवून पाहा, फटी राहतील. आता या तिघांत काटकसरीची आकृती कोणती? समजा, प्रत्येक कप्प्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर ठेवावयाचे आहे. त्रिकोणाची परिमिती सुमारे ४५.६ सेंटीमीटर होते, चौरसाची ४०, आणि षटकोनाची सुमारे ३७.२. म्हणजे तेवढीच जागा, आणि भिंत चौरसापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी. मेण तयार करण्यासाठी माशीला पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो. ही बचत तिच्या दृष्टीने लहान नाही.

प्राचीन ग्रीक गणिती पप्पस याने ही गोष्ट नोंदवून ठेवली होती. परंतु समान क्षेत्रफळाचे कप्पे कोणत्याही आकाराचे, अगदी वेड्यावाकड्या बाजूंचेही घेतले, तरी षटकोनाहून कमी भिंत लागणे शक्य नाही, याची संपूर्ण सिद्धता अमेरिकन गणिती थॉमस हेल्स यांनी १९९९ साली दिली. पोळ्याकडे पाहणाऱ्या माणसाला जे हजारो वर्षे दिसत होते, ते सिद्ध होण्यास इतका काळ लागला. आणि माशी हा आकार प्रथमपासून षटकोनीच रचते की आरंभी गोल असलेले कप्पे एकमेकांना दाबून षटकोनी होतात, यावर अभ्यासकांत आजही चर्चा चालू आहे. विज्ञान म्हणजे संपलेली पोथी नव्हे, हे मुलांना सांगावयाचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

दुसरे उदाहरण अननसाचे. हे फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आले आणि आपल्या परसात असे रुजले की ते परके आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अननसाच्या सालीवरील डोळे तिरप्या ओळींत मांडलेले असतात. एका दिशेने चढणाऱ्या ओळी खडूने खूण करीत मोजा, मग दुसऱ्या दिशेच्या मोजा. बहुधा एकीकडे ८ आणि दुसरीकडे १३ भरतील. सूर्यफुलाच्या चकतीवरील बियांच्या वळणदार ओळी मोजल्या, तर बहुधा ३४ आणि ५५ असे आकडे येतात. हे आकडे एकाच माळेतील मणी आहेत : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. मागील दोन आकड्यांची बेरीज केली की पुढचा मिळतो.

युरोपात ही माळ इटलीतील पिसा नगरीच्या लिओनार्दो याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. फिबोनाची या नावाने तो ओळखला जातो. परंतु आपल्या देशातील छंदःशास्त्रकारांना ती त्याच्या आधीच गवसली होती, आणि ती कवितेतून गवसली होती. शिक्षक बंधूंना लघु आणि गुरू ठाऊक आहेत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांचा चरणखंड किती प्रकारांनी रचता येईल? चार लघू हा एक प्रकार; दोन गुरू हा दुसरा; एक गुरू आणि दोन लघू घेतल्यास गुरू आरंभी, मध्ये किंवा शेवटी येऊ शकतो, हे तीन. एकूण पाच. पाच मात्रांचे प्रकार मोजावयाचे, तर नव्याने मांडणी करण्याची गरज नाही. शेवटचे अक्षर लघू असेल तर आधीच्या चार मात्रांचे पाच प्रकार, गुरू असेल तर आधीच्या तीन मात्रांचे तीन प्रकार, मिळून आठ. सहा मात्रांचे तेरा. विरहांकाने हा नियम सांगितला आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी तो स्पष्टपणे मांडला. मराठीच्या तासाला मात्रा मोजणारा विद्यार्थी आणि परसात अननसाचे डोळे मोजणारा विद्यार्थी एकाच आकड्यावर येऊन पोहोचतात. कला आणि विज्ञान यांच्यामध्ये आपण घातलेली भिंत निसर्गाला ठाऊक नाही.

आता पुन्हा तोच प्रश्न : असे का? अननसाला बेरीज येत नाही. वनस्पतीच्या वाढत्या टोकावर नवा अंकुर फुटतो, तेव्हा आधीचे अंकुर त्याच्या भोवती असतात आणि जेथे सर्वांत मोकळी जागा असेल तेथे तो येतो. हे तत्त्व जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांनी १८६८ साली सांगितले. अशा रीतीने एकामागून एक अंकुर येत गेले की दोन लागोपाठच्या अंकुरांमधील कोन साधारण साडेएकशे सदतीस अंशांवर स्थिर होतो. अर्ध्या फेरीचा कोन असता, तर पाने दोनच ओळींत एकावर एक आली असती. तृतीयांश फेरीचा असता, तर तीन ओळींत आली असती आणि मधली जागा वाया गेली असती. साडेएकशे सदतीस अंशांत असा सोपा अपूर्णांक बसत नाही. म्हणून नवे पान जुन्याच्या नेमके डोक्यावर येत नाही आणि तिरप्या ओळींची ती नक्षी उमटते. १९९२ साली दुआदी आणि कूदे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका तबकडीच्या मध्यावर चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलीत बाहेर सरकू लागले आणि तबकडीवर सूर्यफुलासारखीच वळणे उमटली. तेथे बी नव्हते, झाड नव्हते. जागेसाठी चाललेली ढकलाढकल तेवढी होती.

आपण म्हणाल, मग सर्वच सूर्यफुलांत हे आकडे सापडतात काय? नाही, आणि हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. २०१२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे हा प्रश्न नागरिकांपुढे ठेवण्यात आला. जीवांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे उमटतात याचे गणित १९५२ साली मांडणारे ॲलन ट्युरिंग यांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. सामान्य माणसांनी, शाळकरी मुलांनी आपापल्या बागेत सूर्यफुले लावली आणि ओळी मोजल्या. अशा ६५७ फुलांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. बहुसंख्य फुलांनी माळेतील आकडे दाखविले. परंतु काही फुलांत त्याहून एक कमी वा एक जास्त असा आकडा आला आणि काहींत तर निराळीच माळ आढळली. ते अपवाद कोणी झाकून ठेवले नाहीत. २०१६ साली ते शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. एखाद्या मुलाने अननसावर ८ ऐवजी ७ ओळी मोजल्या, तर त्याला "चुकलास" असे म्हणण्यापूर्वी ते फळ हाती घेऊन आपण स्वतः एकदा मोजावे, अशी शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे.

मोजण्याचे आणखी एक काम आपल्या कुळागरांतच पडून आहे. माडाच्या झावळ्या खोडाभोवती वळण घेत येतात. काही माडांचे वळण डावे, काहींचे उजवे. पाडेलीला विचारा, तो वर चढतो, त्याला ठाऊक असते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील टी. ए. डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात माडांची अशी मोजणी करून दाखविले की, डावे व उजवे माड जवळपास निम्मे निम्मे असतात आणि डाव्या माडाच्या नारळातून डावाच माड उगवेल असे नाही. हे संशोधन करण्यास दुर्बीण लागली नाही, वीजही लागली नाही. डोळे, वही आणि चिकाटी लागली. एका वर्गाने एका वाड्यावरील दोनशे माड मोजले, तर एका सकाळी तक्ता तयार होईल. दहा माडांत सात डावे निघाले तर काही सिद्ध होत नाही. दोनशेंत काय निघते ते पाहावे. थोड्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हा धडा मुलांना त्या तक्त्यातूनच मिळेल.

आता थोडे सावधगिरीचे बोलतो. माणसाच्या डोळ्याला नक्षी शोधण्याची सवय आहे, आणि कधी कधी नसलेलीही नक्षी त्याला दिसते. कोठेही वळण दिसले की तेथे तोच सुवर्ण कोन, तीच आकड्यांची माळ आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नॉटिलस नावाच्या सागरी प्राण्याच्या शिंपल्याविषयी असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्ष मोजमाप केले की ते प्रमाण जुळत नाही. त्या शिंपल्याला स्वतःचा नियम आहे : प्राणी वाढतो तसा शिंपला वाढतो, पण आकार तोच राहतो. हा नियम पुरेसा सुंदर आहे. त्यावर उसने अलंकार चढविण्याचे कारण नाही.

शंखाचेच दुसरे उदाहरण घ्या, कारण त्यात गोरगरिबांच्या पैशाचा प्रश्न आहे. आपल्या समुद्रातील पूजेच्या शंखांचे वळण बहुतेक सर्वांचे एकाच दिशेचे असते. उलट वळणाचा, ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो, तो क्वचित सापडतो आणि म्हणून त्याची किंमत फार मोठी सांगतात. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात गोगलगायीच्या कुळातील एक अशी जात आहे की, तिच्यात हे उलट वळण हाच नियम आहे. तिचे शिंपले तेथे दुर्मिळ नाहीत. तेच आणून आपल्याकडे दक्षिणावर्ती शंख म्हणून विकले जातात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा विषय आहे. त्यात मी शिरत नाही. परंतु वळणाबरोबर शंखाची जात पाहावयास शिकलेला मुलगा घरात असेल, तर त्या घराची फसवणूक होणे अवघड आहे.

शेवटी मी ज्या नक्षीकडे येतो, ती डोळ्यांना एकदम दिसत नाही, कारण ती काळात उमटलेली आहे. ती भरती-ओहोटीची. साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. वरची पन्नास मिनिटे का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, तोवर चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठण्यास पृथ्वीला तेवढा वेळ अधिक फिरावे लागते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते; अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना काटकोनात येते आणि भांग पडतो.

कोकणपट्टीत एक जुना हिशेब सांगतात : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब कितपत खरा आहे, हे वर्गात तपासता येते. एका चांद्रमासात भरतीची वेळ घड्याळाची चोवीस तासांची पूर्ण फेरी करते. महिन्याच्या तिथी तीस. चोवीस तासांना तिसांनी भागले की प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे येतात. जुना हिशेब ४५ मिनिटे धरतो. म्हणजे घड्याळ नसलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसांनी केवळ पाहून पाहून जो नियम बांधला, त्यात तिथीमागे तीनच मिनिटांची तफावत आहे! पंधरा तिथींत ती पाऊण तासाची होते. म्हणून हा हिशेब पौर्णिमेला सव्वाअकरा सांगतो आणि दुसऱ्याच दिवशी पाऊण वाजल्याचे सांगतो, मध्ये दीड तासाची उडी पडते. शिवाय प्रत्यक्षात उधाणाच्या सुमारास दिवसागणिक होणारा उशीर कमी असतो व भांगाच्या सुमारास अधिक. आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. त्यात मुरगाव बंदराच्या वेळा असतात. आजोबांचा हिशेब, कोष्टकातील वेळ आणि आपल्या खाडीवर स्वतः पाहिलेली वेळ, असे तीन रकाने वहीत आखावेत आणि एक महिना भरावेत. पूर्वजांचे ज्ञान डोक्यावर घेऊन नाचणे किंवा अडाणीपणाचे म्हणून टाकून देणे, या दोहोंपेक्षा ते तपासून घेणे हा त्याचा खरा आदर होय.

हा केवळ वहीतील खेळ नाही, हे खाजन शेती करणाऱ्या ग्रामस्थांना सांगावयास नको. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. आपल्या पूर्वजांनी मांडवी, झुआरी व इतर नद्यांच्या खाड्यांलगत बांध घालून ती खाऱ्या पाण्याकडून सोडवून घेतली. बांधातील मानस ही तर आमच्या मते गावातील उत्तम प्रयोगशाळा. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीची दारे मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही. समुद्राची लय ओळखून केलेली ही रचना आहे. पूर्वी गावकारी आणि पुढे कुळांच्या संघटना यांच्याकडे बांधांची निगा आली. परंतु बांधाला खेकड्यांनी पाडलेले भोक वेळीच कोणाच्या दृष्टीस पडले नाही, तर उधाणाच्या एका रात्री ते भगदाड होते. खारे पाणी शेतात शिरले की त्या हंगामाचे भात जाते आणि पाणी साचून राहिले तर पुढील हंगामही हातचे जातात. ज्या पिढीला मानस का उघडते व का मिटते हेच ठाऊक नसेल, ती बांधाकडे पाहावयास तरी का जाईल?

आणि आता समुद्राची ती जुनी लय तीच राहिली, तरी तिची पातळी तीच राहिलेली नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरांनी वाढली, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने नमूद केले आहे. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी साधारण दीड ते दोन मीटर चढते-उतरते; त्यावर एक वीतभर वाढ म्हणजे ज्या बांधाच्या माथ्यापर्यंत पाणी पूर्वी पोहोचत नव्हते, तेथे ते पोहोचू शकते. आपल्या गावात नेमके काय घडत आहे, हे सांगणारी नोंद मात्र गावानेच ठेवली पाहिजे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझ्या काही सूचना आहेत. पहिली, शाळेत एक निसर्गवही ठेवावी. तीत विद्यार्थ्याने तारीख, वार, तिथी, ठिकाण आणि मोजलेला आकडा एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट लिहू नये. दुसरी, दर अमावास्येला व पौर्णिमेला पाणी किती चढले याची खूण जवळच्या मानशीच्या चिऱ्यावर किंवा धक्क्यावर रंगाने करावी व तिची उंची नोंदवावी. हे काम शिक्षक किंवा वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच व्हावे. मुलांना एकट्याने बांधावर किंवा पाण्याजवळ पाठवू नये. तिसरी, उन्हाळ्यात वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला पडलेल्या भेगा पाहाव्यात, त्या एकमेकींना कोणत्या कोनात मिळतात ते कोनमापकाने मोजावे आणि एकदा भिजून पुन्हा वाळल्यावर तो कोन बदलतो काय ते पाहावे. चौथी, ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कृषी खात्याची कार्यालये आहेत, महाविद्यालये आहेत. मुलांच्या हस्ताक्षरातील प्रश्न तेथे पाठवावेत.

अधिकारी मित्रांनाही एक निवेदन आहे. शाळेतील मुलांनी वर्षभर राखलेली भरतीची नोंद आपल्या टेबलावर आली, तर ती बाजूला सारू नये. कोणता बांध प्रथम दुरुस्त करावा याचा निर्णय घेताना ती उपयोगी पडेल. आणि ग्रामस्थांना एवढेच सांगतो की, मुलगा बांधावर उभा राहून पाणी पाहत असेल, तर "वेळ काय घालवतोस?" असे त्याला एकदम विचारू नका. काय पाहिलेस, किती मोजलेस, असे विचारा.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्रागैतिहासिक काळातील माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली. त्यांत प्राण्यांच्या आकृत्यांबरोबर एक मोठे वर्तुळाकार चक्रव्यूह आहे. तो का कोरला, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. परंतु त्या माणसानेही भोवतालच्या जगातील वळणे निरखली होती आणि ती दगडावर उमटवावीशी त्याला वाटली, इतके खरे. आपल्या मुलांच्या हाती आज दगडाऐवजी वही आहे. त्या वहीची पहिली ओळ या येत्या पौर्णिमेलाच लिहिली जावी, अशी अपेक्षा व्यक्त करतो.

जय हिंद!